बाबासाहेबांनी उघडलेले कोर्टाचे दार

कोर्टात जाण्याचा अधिकार कुणाला, या प्रश्नाशी बाबासाहेबांचा सामना महाडला झाला.

लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेल्या बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे नगरपालिकेचे, सर्वांसाठी खुले केलेले. तरीही डिसेंबरमध्ये सनातन्यांनी तमाम स्पृश्यांच्या वतीने दावा ठोकला आणि बाबासाहेबांना व सहकाऱ्यांना तमाम अस्पृश्यांच्या वतीने प्रतिवादी केले. ज्यांचे काहीच गेले नव्हते ते वादी, आणि ज्यांना पाणी नाकारले ते प्रतिवादी! बाबासाहेब खचले नाहीत. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

त्या काळी रिट काढण्याचा अधिकार मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीनच हायकोर्टांना, तोही मुख्यतः शहराच्या हद्दीपुरता होता. खेड्यातल्या माणसाला ते दार बंदच होते.

१९४७ साली बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या संविधानाने ३२ व २२६ या कलमांतून हे दार देशभर उघडले. त्यातले एक रिट को वॉरंटो, म्हणजे अधिकारपृच्छा. सरकारी पदावर बसलेल्याला नागरिक विचारू शकतो, तू कोणत्या कायद्याने येथे बसलास? विचारणारा त्या पदाचा उमेदवार असण्याची गरज नाही. २०११ साली केंद्रीय दक्षता आयुक्तांची नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली, तेव्हा अर्जदारांपैकी कुणी त्या खुर्चीचा दावेदार नव्हता.

अर्थात, दुसरा उमेदवार अधिक लायक होता एवढे सांगून भागत नाही. नेमणुकीत कायदा मोडला हे दाखवावे लागते. शिवाय या रिटने खुर्ची रिकामी होते, अर्जदाराला मिळत नाही.

आयोग, महामंडळे, विद्यापीठे येथे अपात्र माणसे बसली की आमचे लोक मोर्चा काढतात. मोर्चा जरूर काढावा. पण त्याआधी माहितीच्या अधिकारात नेमणुकीचा आदेश, जाहिरात आणि पात्रतेचे नियम मागवावेत, वकिलाला दाखवावेत. नऊ वर्षांहून अधिक काळ प्रतिवादी म्हणून उभ्या राहिलेल्या बाबासाहेबांनी आम्हाला अर्जदार केले. तो हक्क आम्ही वापरला नाही, तर दार उघडे असूनही आम्ही बाहेरच राहू, असे आम्हास वाटते.