स्वान्ते आऱ्हेनियस

शुद्ध पाणी आणि मिठाचें पाणी दिसावयास सारखेंच. परंतु शुद्ध पाण्यांतून विजेचा प्रवाह जवळजवळ वाहत नाहीं, कोरड्या मिठांतूनही वाहत नाहीं. दोहोंच्या द्रावणांतून मात्र तो सहज वाहतो. हें कोडें उलगडणाऱ्या स्वान्ते आऱ्हेनियस यांचें चरित्र आम्ही थोडक्यांत देत आहों.

त्यांचा जन्म १८५९ सालीं स्वीडन देशांत उप्साला शहराजवळ झाला. १८८४ सालीं त्यांनीं द्रावणांतील विद्युद्वहनावरील आपला प्रबंध तेथील विद्यापीठास सादर केला. परीक्षकांस तो रुचला नाहीं व हलकी श्रेणी मिळाली. तथापि खचून न जातां त्यांनीं प्रबंधाच्या प्रती परदेशच्या विद्वानांस धाडल्या. तो वाचून रीगा येथील प्राध्यापक ओस्टवाल्ड स्वतः त्यांच्या भेटीस उप्सालास आले.

पाण्यांत विरघळतांच मिठाचे धन व ऋण विद्युद्भाराचे कण अलग होतात आणि तेच वीज वाहून नेतात, हा सिद्धान्त आऱ्हेनियस यांनीं १८८७ सालीं पूर्णपणें मांडला. त्याच कार्याबद्दल १९०३ सालीं त्यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. १९२७ सालीं ते निवर्तले.

परीक्षेंतील श्रेणी हा अखेरचा निकाल नव्हे, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं आणि त्यांच्या पालकांनींही ध्यानांत ठेवावें.