मत बदलणारे बाबासाहेब



विहाराच्या वर्धापनदिनाच्या अंकासाठी परमपूज्य बाबासाहेबांवर लिहा, असं सांगण्यात आलं तेव्हा आम्ही जरा विचारात पडलो. महाड, काळाराम, पुणे करार, घटना, नागपूर हे तर आपल्या घराघरात पाठ आहे. मग ठरवलं, रोजच्या कामधंद्याशी जुळणारी एकच गोष्ट सांगायची. काम कोणतं करावं, कोणत्या अटींवर करावं, संप करावा की नाही, याबद्दलचं स्वतःचं मत बाबासाहेबांनी आयुष्यभर तपासलं आणि चुकतंय असं दिसलं की बदललं. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. हे घर गावकीच्या कामातून बाहेर पडलं ते पलटणीमुळे. काम बदललं की माणसाचं जिणं बदलतं, हे त्यांनी घरातच पाहिलं. पण शिक्षण झालं, मोठी नोकरी लागली की सगळं सुटतं, हा समज काही टिकला नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आल्यावर १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. तिथे शिपाई लांबूनच कागद टाकीत. राहायला जागा मिळेना. ज्या पारशी वसतिगृहात उतरले तिथूनही त्यांना बाहेर काढलं. नोकरी सोडून ते मुंबईला आले. शेअरबाजाराचा सल्ला देण्याचा धंदा काढला, तोही जात कळताच बंद पडला. पुढे १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. या काळात त्यांचं बिऱ्हाड परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या वस्तीत होतं.

आता वतनाची गोष्ट पाहा. महारकी म्हणजे काय, ते आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलेलं आहे. निरोप पोचवा, दवंडी द्या, साहेबाच्या घोड्यापुढे धावा. एकाच्या नावावर वतन, राबायला मात्र सारं घर, तेही रात्रंदिवस. मोबदला काय, तर थोडीशी इनाम जमीन आणि बलुतं. तरीही आपल्या लोकांना वतनाचा अभिमान होता, कारण जमिनीचा तेवढाच आधार होता. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात बिल आणलं ते सुधारणेचं. बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा, ज्याला सुटायचं त्याला सुटता यावं, असा त्याचा रोख होता. ते बिल त्यांना मागे घ्यावं लागलं. पुढे १९३७ साली त्यांनी दुसरं बिल आणलं, ते वतनच रद्द करण्याचं. ठिगळ लावून भागत नाही, हे अनुभवाने पटलं होतं. लोकांच्या आवडत्या गोष्टीविरुद्ध बोलायला लागणार, हे माहीत असूनही ते बोलले. वतन संपवणारा कायदा १९५८ साली झाला, तो पाहायला ते नव्हते.

गिरणीची गोष्ट तर आपल्या भिवंडीकरांना लगेच कळेल. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकामाच्या खात्यात घेत नसत. पगार तिथेच जास्त. कारण असं, की कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि तो धोटा अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला चालत नसे. १९२८ च्या मोठ्या संपात पुढाऱ्यांच्या मागण्यांत याचा उल्लेख नव्हता. बाबासाहेबांनी लावून धरलं तेव्हा तो नाखुशीने आला. आपल्या माणसाला खात्यात शिरूही न देणाऱ्या चळवळीसाठी त्याने उपाशी का राहावं, कर्जात का बुडावं? म्हणून ते त्या वेळच्या संपांच्या विरोधात उभे राहिले.

आणि दहा वर्षांनी? ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत कामगारांचा एक दिवसाचा संप झाला. संपाच्या हक्कावर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक विवाद बिलाविरुद्ध हा संप होता. त्यात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष पुढे होता, आणि सोबत होते तेच कम्युनिस्ट! काही लोक म्हणाले असतील, हे कसं? पण आता कायद्याने हक्कच जाणार होता. काम नाकारता येत नसेल तर कामगार गुलाम होतो, ही त्यांची भूमिका होती. कम्युनिस्टांशी असलेले मतभेद मिटले नव्हते, तरी प्रश्न बदलला म्हणून उत्तर बदललं. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. त्यांच्या कारकिर्दीत तयार झालेल्या १९४६ च्या कायद्याने कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले.

म्हणजे मत बदललं, पण माप तेच राहिलं. या कामात माणूस माणसासारखा जगतो का? परंपरेने आलं म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितलं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी त्याच वाटेची दीक्षा घेतली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

आता आमच्या घरचं सांगतो. आमचे वडील भिवंडीत लूमवर होते. नोकरी म्हणजे सरकारी नोकरी, बाकी सगळी हमाली, हे त्यांच्याकडून आमच्या डोक्यात बसलेलं. मुलीने चार वेळा परीक्षा दिल्या, मग काल्हेरच्याच एका गोदामात हिशेबाचं काम धरलं. आम्ही कित्येक दिवस तिच्याशी धड बोललो नाही. या लेखासाठी वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की आम्ही आमच्या मताचंच वतन करून ठेवलं होतं. मग तिला जवळ बसवून विचारलं, बाळा, पगार वेळेवर होतो का, फंड कापतात का, तास किती, मानाने वागवतात का? तास जास्त आहेत म्हणाली. चारजणी मिळून मालकाशी बोलणार आहेत. आम्ही म्हटलं, जरूर बोला.

आपल्या वस्तीत आज कोणी गोदामात आहे, कोणी रिक्षावर, कोणी लूमवर, कोणी कॉम्प्युटरवर. ज्याने त्याने आपापलं काम बाबासाहेबांच्या मापाने एकदा मोजून पाहावं, आणि घरातल्या पोरांनाही मोजू द्यावं.

जयभीम! नमो बुद्धाय!