रुग्णशय्येवर ठरलेली यात्रा

या दुखण्यातून उठलो तर अमुक क्षेत्री जाऊन येईन, असा संकल्प सोडणारी माणसे आपल्याकडे घरोघरी आढळतात. अंथरुणावर सोडलेला संकल्प पाय बरे झाल्यावर कितपत टिकतो, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ज्यांचा स्मृतिदिन ३१ जुलै रोजी पाळला जातो, त्या संत इग्नेशियस लोयोला यांचे चरित्र आम्हांस याच प्रश्नासाठी महत्त्वाचे वाटते. गोमंतकात १५४२ साली आलेले फ्रान्सिस झेवियर हे त्यांचेच सहकारी. त्यामुळे हे नाव आपणांस अगदीच परके नाही.

स्पेनच्या बास्क प्रांतातील लोयोला येथे १४९१ च्या सुमारास एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. तलवार, भरजरी वस्त्रे आणि दरबारातील नावलौकिक यांपलीकडे तारुण्यात त्यांना काही दिसत नव्हते. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्याचे रक्षण करताना फ्रेंचांच्या तोफेचा गोळा लागून त्यांचा उजवा पाय मोडला, डावाही जखमी झाला. शत्रूनेच प्रथमोपचार करून त्यांना डोलीतून घरी पोहोचविले. हाडे वाकडी बसली म्हणून ती पुन्हा मोडून बसविण्यात आली; भुलीचे औषध त्या काळी नव्हते. जूनच्या अखेरीस तर मरणासन्नास द्यावयाचे संस्कारही उरकण्यात आले. त्यातून ते वाचले, पण गुडघ्याखाली हाडाचे टोक वर राहिले. तंग बूट घालून मिरवता येणार नाही एवढ्यासाठी त्यांनी ते हाड कापून घेतले. या धैर्यामागे भक्ती नव्हती, निव्वळ हौस होती. उतारवयात त्यांनी स्वतःही ते लपविले नाही.

पडल्या पडल्या वाचावयास त्यांनी शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या. घरात तसला एकही ग्रंथ निघाला नाही. होते ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. निरुपायाने ती हाती घेतली गेली. कधी दरबाराची स्वप्ने पडत, कधी अनवाणी जेरुसलेमला जावे असे वाटे. दोन्हीं विचारांनी क्षणभर आनंद होई. परंतु पहिला सरल्यावर मन कोरडे पडे, दुसरा सरल्यावरही प्रसन्न राही. हा भेद त्यांच्या ध्यानी आला, आणि आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील खरी यात्रा त्या क्षणीच सुरू झाली. मग बेत आखला जाऊ लागला. परतल्यावर कोणत्या मठात राहावे याचीही चौकशी सेवकाकरवी झाली. आवडलेले उतारे ते वहीत उतरवून घेऊ लागले. ख्रिस्ताची वचने तांबड्या शाईने, मरियामातेची निळ्या.

१५२२ च्या आरंभी खेचरावर बसून ते निघाले. मोन्सेरातच्या डोंगरावरील मातेच्या मंदिरात २४ मार्चची रात्र जागून काढली, तलवार तेथेच अर्पण केली आणि अंगावरची वस्त्रे एका भिकाऱ्यास दिली. त्या बिचाऱ्यावर चोरीचा आळ आला, हे कळताच इग्नेशियस रडले. सुजलेल्या पायापुरतीच दोरीची वहाण घालून ते मानरेसा गावी गेले. थोडे दिवस थांबावयाचे होते, दहा-अकरा महिने गेले! भिक्षा, उपास व जागरणे यांनी तेथे त्यांनी प्रकृतीची जी हेळसांड केली ती जन्मभर भोवली. पुढे स्वतःच्या संघातील मंडळींना मात्र त्यांनी देहाची काळजी घ्यावयास सांगितले, हे कठोर व्रते करणाऱ्यांनी अवश्य लक्षात घ्यावे.

बार्सिलोनाहून गलबतात चढताना जवळची पाच-सहा नाणीही ते किनाऱ्यावरील बाकावर ठेवून गेले. रोममध्ये पोपची अनुमती मिळाली. व्हेनिसमध्ये मुक्काम सेंट मार्कच्या चौकात उघड्यावर. जहाज सुटण्याच्या वेळी तापाने पुन्हा गाठले. अशा स्थितीत समुद्रावर जाणे म्हणजे मरण, असे वैद्यांचे मत पडले. तरी ते गेले, आणि ओकाऱ्या होऊन बरे झाले.

४ सप्टेंबर १५२३ रोजी जेरुसलेम दृष्टीस पडले. तेथेच देह ठेवावा असा त्यांचा मानस होता. पण यात्रेकरूंना पळवून खंडणी मागितली जात असल्यामुळे तेथील मठाधिकाऱ्यांनी त्यांना राहू देण्यास नकार दिला. दोन वर्षे उराशी धरलेला बेत काही दिवसांतच संपला. त्यांनी ती आज्ञा मानली. तरीही जाण्यापूर्वी ते कोणासही न सांगता जैतुनाच्या डोंगरावर गेले. ज्या शिळेवरून ख्रिस्ताने स्वर्गारोहण केले असे मानतात, तिच्यावरील पाऊलखुणा पाहण्यासाठी पहारेकऱ्यास चाकू दिला. उतरून पुढे गेल्यावर आठवले, उजवे पाऊल कोणत्या दिशेला होते हे पाहावयाचे राहिलेच. पुन्हा वर चढले. या वेळी कात्री दिली.

त्यांना शोधीत मठाचा सेवक काठी घेऊन आला आणि त्याने दंड धरून त्यांना ओढीत परत नेले. इग्नेशियस यांनी हात सोडविण्याचा प्रयत्न केला नाही.