विश्लेषण : सुक्या मासळीच्या व्यापारापासून मेमरी चिपपर्यंत... सॅमसंगचे संस्थापक ली ब्युंग-चुल कोण होते?

२०२३ मध्ये ॲपलने जगभरात २३.४६ कोटी आयफोन बाजारात पाठवले, तर सॅमसंगने २२.६६ कोटी फोन. आयडीसी या संस्थेच्या या आकडेवारीनुसार २०१० नंतर प्रथमच सॅमसंगव्यतिरिक्त दुसरी कंपनी वर्षभराच्या यादीत अव्वल ठरली. पण आयफोन खपला की सॅमसंगचाही काही प्रमाणात फायदा होतो. २००७ च्या पहिल्या आयफोनचा प्रोसेसर सॅमसंगने बनवला होता, २०१७ च्या आयफोन टेनचा ओलेड पडदाही सॅमसंगचाच होता. प्रतिस्पर्ध्यालाच सुटे भाग विकणारी ही कंपनी ज्यांनी उभी केली, त्या ली ब्युंग-चुल यांचे १९८७ मध्येच निधन झाले. सॅमसंगचा हातात धरायचा पहिला मोबाइल त्यानंतर, १९८८ मध्ये आला.

सुरुवात कशी झाली?

ली यांचा जन्म १९१० मध्ये कोरियातील उइर्योंग येथे एका जमीनदार कुटुंबात झाला. त्याच वर्षी जपानने कोरिया ताब्यात घेतला. टोकियोतील वासेदा विद्यापीठातले शिक्षण अर्धवट सोडून ते मायदेशी परतले आणि १९३६ मध्ये मासान शहरात त्यांनी भात गिरणी सुरू केली. कर्ज काढून जमिनीही घेतल्या. पण १९३७ मध्ये चीन-जपान युद्ध पेटले, बँकांनी हात आखडता घेतला आणि सगळे विकावे लागले.

१ मार्च १९३८ रोजी त्यांनी देगू शहरात पुन्हा दुकान थाटले. सुकी मासळी, फळे आणि भाजीपाला मांचुरिया व बीजिंगला पाठवण्याचा हा व्यापार होता. नाव ठेवले सॅमसंग, म्हणजे तीन तारे. पुढे सोलमध्ये जम बसला, तोच १९५० च्या कोरियन युद्धात मालाची धूळधाण झाली. ली यांनी १९५१ मध्ये बुसानमधून तिसऱ्यांदा सुरुवात केली. १९५३ मध्ये साखर आणि १९५४ मध्ये लोकरी कापड कारखान्याची उभारणी झाली आणि ते देशातील सर्वांत श्रीमंत उद्योगपतींमध्ये गणले जाऊ लागले.

वादाचा डाग कोणता?

१९६६ मध्ये सॅमसंगच्या खत कंपनीने सॅकरीनची तस्करी केल्याचे उघड झाले आणि देशभर संताप उसळला. ली यांच्या दुसऱ्या मुलाला तुरुंगात जावे लागले. खत कंपनीतील ५१ टक्के हिस्सा सरकारला द्यावा लागला. ली यांनी निवृत्ती जाहीर केली, पण १९६८ मध्ये ते पुन्हा सूत्रे हाती घेऊन बसले.

व्याह्यांशीच स्पर्धा का झाली?

आजच्या एलजी समूहाचे संस्थापक कू इन-ह्वे आणि ली लहानपणी एकाच प्राथमिक शाळेत शिकले. पुढे ली यांची दुसरी मुलगी कू यांच्या तिसऱ्या मुलाला दिली गेली आणि दोघे एकमेकांचे व्याही झाले. एलजीची जुनी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी गोल्डस्टार. तिने १९५९ मध्ये कोरियाचा पहिला देशी रेडिओ बनवला होता. या क्षेत्रात तिचाच दबदबा होता.

१९६९ मध्ये ली यांनी सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्स स्थापन केली आणि दोन्ही घराण्यांच्या संबंधात कटुता आली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी कू यांचे निधन झाले. दोन्ही कंपन्यांची चढाओढ मात्र पुढच्या पिढीत गेली. टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या दुकानात ती आजही दिसते. त्यातल्या एलजीचा एक कारखाना पुणे जिल्ह्यातील रांजणगावात आहे.

चिपचा जुगार काय होता?

टीव्ही जोडून विकता येत होता, पण त्यातले महत्त्वाचे भाग जपानकडून घ्यावे लागत. भाग ज्याचे, नफ्याचा मोठा वाटाही त्याचाच, हे ली यांनी ओळखले. फेब्रुवारी १९८३ मध्ये त्यांनी टोकियोतून मेमरी चिप बनवण्याचा निर्णय जाहीर केला. तेव्हा ते ७३ वर्षांचे होत होते आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतून गेलेले होते.

अमेरिकेच्या मायक्रॉन कंपनीकडून तंत्रज्ञान घेऊन सॅमसंगने त्याच वर्षी ६४ किलोबिटची डीरॅम चिप तयार केली. अमेरिका आणि जपाननंतर हे जमवणारा कोरिया तिसरा देश ठरला. डीरॅम म्हणजे फोन किंवा संगणक चालू असताना माहिती तात्पुरती धरून ठेवणारी मेमरी. आजच्या फोनमधील ८ जीबी रॅमसाठी तशा दहा लाखांहून अधिक चिप लागल्या असत्या.

पण चिप बाजारात येते न येते तोच जगभरात दर कोसळले. १९८५ मध्ये खुद्द इंटेलने डीरॅमचा धंदा सोडला. सॅमसंगचा तोटा वाढत गेला, तरी ली यांनी पुढच्या पिढीच्या चिपवर खर्च सुरूच ठेवला.

त्यांना यश पाहता आले का?

नाही. १९ नोव्हेंबर १९८७ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तोपर्यंत चिप विभाग तोट्यातच होता. संगणकांची मागणी वाढली आणि १९८८ मध्ये हा विभाग नफ्यात आला. थोरल्या दोघांना बाजूला सारून ली यांनी वारस केलेला तिसरा मुलगा ली कुन-ही तेव्हा अध्यक्ष होता. १९९० च्या दशकात सॅमसंग मेमरी चिपमध्ये जगात पहिली झाली.

आजच्या स्पर्धेशी संबंध काय?

२०११ मध्ये ॲपलने डिझाइनची नक्कल केल्याचा आरोप करत सॅमसंगला न्यायालयात खेचले. हा वाद २०१८ मध्ये तडजोडीने मिटला. पण ही सात वर्षे दोघांमधली सुट्या भागांची खरेदी-विक्री थांबली नाही. व्याह्यांची एलजी मात्र २०२१ मध्ये स्मार्टफोनच्या धंद्यातून बाहेर पडली.

फोनच्या विक्रीत पहिला क्रमांक कोणाचा, हे दर तिमाहीला बदलू शकते. फोन कोणाचाही असला तरी त्याला मेमरी लागते. १९८३ मध्ये ली यांनी पैसा लावला तो त्याच मेमरीवर.