गोलरक्षकाचं वय

बँकेत असताना यंत्रांवर कर्ज देण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. कुठलं यंत्र किती वर्षं चालेल, घसारा किती धरायचा, याचे तक्ते ठरलेले असत. माणसाच्या शरीराचा तक्ता कुठून आणायचा, हा प्रश्न मला पडला तो टेरी सॉचक या कॅनेडियन खेळाडूची हकिकत वाचताना.

सॉचक हा बर्फावरच्या हॉकीतला गोलरक्षक. या खेळात चेंडूऐवजी टणक रबराची चकती असते आणि ती अक्षरशः गोळीसारखी येते. १९२९ साली विनिपेगला एका युक्रेनी कुटुंबात तो जन्मला. थोरला भाऊ सतराव्या वर्षी गेला आणि त्याचे पॅड याच्याकडे आले. लहानपणी खेळताना उजवा कोपर मोडला, तेही त्याने घरी लपवलं. तो हात कायमचा आखूड राहिला.

असा हात घेऊन १९५२ साली त्याने डेट्रॉइटला स्टॅन्ली चषक मिळवून दिला. निर्णायक फेऱ्यांच्या ८ सामन्यांत गोल झाले फक्त ५, आणि ४ सामन्यांत तर एकही नाही. १९५५ साली पुन्हा चषक जिंकला आणि दोन महिन्यांच्या आत संघाने त्याला बॉस्टनला देऊन टाकलं. वय अवघं २५! ग्लेन हॉल हा त्याहून तरुण गोलरक्षक हाताशी तयार होता ना. त्या काळी करार बहुधा वर्षावर्षाचे असत, आणि मुदत संपली तरी खेळाडूवरचा हक्क संघाचाच. जोखीम सगळी खेळाडूच्या अंगावर. असा कर्जरोखा आमच्या गावच्या सावकारालाही सुचला नसता.

१९६२ पर्यंत तो मुखवट्याशिवाय खेळला. चेहऱ्यावर सुमारे ४०० टाके पडले असं सांगतात. तरीही १९६७ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, ४२ वर्षांच्या जॉनी बॉवरच्या जोडीने त्याने टोरांटोला चषक जिंकून दिला. लगेच लॉस एंजेलिसच्या नव्या संघाने खेळाडूंच्या निवडीत पहिलं नाव त्याचं घेतलं. मागच्या वर्षीचा ताळेबंद पाहून पुढचं कर्ज मंजूर करावं, तसंच हे! तिथे तो ३६ सामने खेळला, पुढल्या वर्षी डेट्रॉइटकडून १३, त्यापुढे न्यूयॉर्ककडून ८.

पुढे काटा उलटा फिरला. २००९ साली व्हँकूवरने ३० वर्षांच्या रोबर्टो लुओंगोशी १२ वर्षांचा, ६ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. म्हणजे तो पुरा व्हायचा तेव्हा गोलरक्षक ४३ वर्षांचा! २०१४ मध्ये त्यांनी त्याला फ्लोरिडाला दिलं, २०१९ मध्ये तो निवृत्त झाला, आणि त्या कराराचा बोजा व्हँकूवरच्या वेतनमर्यादेत आणखी तीन हंगाम राहिला. बुडीत खात्याची अशी शेपटं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण निदान इथे खेळाडू तरी बुडाला नाही.

सॉचकच्या नशिबी तेही नव्हतं. १९७० च्या वसंतात भाड्याच्या घरात संघातल्याच एका सोबत्याशी झटापट झाली, पोटात इजा झाली. ३१ मे रोजी न्यूयॉर्कच्या रुग्णालयात तो वारला, वय ४०. मागे सात मुलं. एकही गोल होऊ न दिलेले त्याचे सामने होते १०३. त्यातला शेवटचा त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतला. तो आकडा ओलांडायला २००९ साल उजाडावं लागलं.