फुरसत नसलेल्यांचे सुख

सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, मोहोळ तालुक्यात, चिंचोळीची औद्योगिक वसाहत आहे. पाळी बदलण्याच्या सुमारास तेथील एखाद्या कारखान्याच्या फाटकासमोर क्षणभर उभे राहिले, की एक दृश्य हटकून दिसते. पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या कामगार स्त्रियांच्या चालण्यात विसाव्याचा मागमूसही नसतो. नळाला पाणी येण्याचा दिवस आजचा की उद्याचा, पीठ पुरेल की दळण टाकावे लागेल, मुलाच्या शाळेची फी कोणत्या तारखेला भरायची, असे अनेक हिशेब त्या मनातल्या मनात करीत असतात. कारखान्यातील पाळी संपते तेव्हा घरातील पाळी सुरू होते. पुरुष कामगारांची ओढाताण वेगळ्या प्रकारची, तरी तीही आहेच. या मंडळींना कोणी सांगितले, की संसाराच्या धावपळीतही लहानसहान आनंद शोधावेत, तर ती बहुधा हसतील. ज्यांना फुरसत आहे त्यांनी फुरसत नसलेल्यांना केलेला हा उपदेश आहे, असे त्यांना वाटले तर त्यात नवल नाही.

तथापि हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याच्या दिवसातील प्रत्येक घटका कामाला जुंपलेली आहे, त्याच्या वाट्याला सुख येऊ शकते काय? येत असेल तर ते कोणत्या वाटेने येते? मोठमोठ्या ग्रंथांत याचे उत्तर शोधण्यापेक्षा, एका शेतकरी स्त्रीचे आयुष्य नीट पाहिले तर अधिक उमगेल असे वाटते. सोलापुरात 1877 साली जुनी गिरणी सुरू झाली आणि भोंग्याच्या तालावर जगणारी एक नवी पिढी या शहरात घडू लागली. त्यानंतर तीनच वर्षांनी, 24 ऑगस्ट 1880 रोजी, कापसाच्या मुलखात, खानदेशातील जळगावनजीकच्या असोदे या गावी महाजनांच्या घरी एक मुलगी जन्मली. तीच पुढे बहिणाबाई चौधरी म्हणून महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. तिच्या आयुष्यात भोंगा नव्हता. पण कामाचा धाक भोंग्याहून कमी नव्हता.

वडील उखाजी आणि आई भिमाई यांच्या या मुलीला तीन भाऊ आणि तीन बहिणी. घर नांदते होते. परंतु मुलींना शाळेत घालण्याचा तो काळ नव्हता. बहिणाबाई अखेरपर्यंत निरक्षर राहिल्या. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि ज्या वयात आजची मुलगी सातवी-आठवीच्या वर्गात असते त्या वयात त्यांच्या अंगावर सासरच्या शेतकरी कुटुंबाचा राबता येऊन पडला. शेतकरी घरातील सुनेचा दिवस कसा असे, हे खेड्यात वाढलेल्या जुन्या माणसांना सांगावयास नको. पहाटे जात्यावर दळण, मग सडा-सारवण, पाणी, चूल, भाकरी. उन्हे वर आली की शेत. सांजेला पुन्हा चूल. पेरणी, निंदणी, कापणी, मळणी आणि उपणणी हे वर्षाचे चक्र, आणि त्याच्या आत हे दिवसाचे चक्र. या दोन्ही चक्रांत स्वतःसाठी राखून ठेवलेली अशी घटका कोठेही नव्हती.

अर्थशास्त्र शिकवताना आम्ही फळ्यावर एक आकृती काढतो. दिवसाचे चोवीस तास तीत श्रम आणि विश्रांती अशा दोन भागांत वाटलेले असतात. श्रम म्हणजे कष्ट आणि वेतन हा त्या कष्टाचा मोबदला. माणसाचे सुख वेतनातून घेतलेल्या वस्तूंत आणि उरलेल्या विश्रांतीत. आकृती सुबक आहे. परंतु बहिणाबाईंचा दिवस तिच्यात बसवू गेले तर ती मोडून पडते. त्यांच्या श्रमाला वेतन नव्हते आणि विश्रांतीचा भाग जवळजवळ शून्य होता. आमच्या शास्त्राच्या हिशेबाने त्यांच्या वाट्याला सुख येण्याचे काही कारणच नव्हते. आणि तरीही त्यांच्या गाण्यांतून ओसंडून वाहते ते सुखच. याचा उलगडा एवढाच, की काम संपल्यानंतर येणाऱ्या सुखाची वाट त्यांनी पाहिली नाही. कारण काम संपणार नव्हते, हे त्यांना ठाऊक होते. हात कामात असताना डोळे आणि मन मोकळे राहतात, एवढीच त्यांची मिळकत होती, आणि ती त्यांनी वाया जाऊ दिली नाही.

त्यांनी काय पाहिले? खोपा विणणारी सुगरण पाहिली, आणि हाताची बोटे नसलेल्या एवढ्याशा जिवाने नुसत्या चोचीने घर कसे उभे केले, याचे नवल केले. पेरलेले बी मातीच्या पोटात कसे निजते आणि कसे वर येते, हे पाहिले. उपणणीच्या वेळी पाटी हातात धरून वाऱ्याची वाट पाहणे हे किती जिकिरीचे काम असते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. वारा पडला की सारे काम खोळंबते. त्या खोळंब्यातही त्यांनी वाऱ्याला घरच्या माणसासारखी हाक मारली. आखाजीच्या सणाला माहेरी आलेल्या लेकींचे झोके, चुलीतला धूर, विहिरीवरची मोट, बैलगाडी या साऱ्यांना त्यांच्या गाण्यात जागा आहे. एवढेच नव्हे, छापखान्यावरही त्यांचे एक गाणे आहे. स्वतःला अक्षर न वाचता येणाऱ्या या बाईंना त्या यंत्राचा हेवा किंवा भय वाटले नाही. कोरा कागद छापून निघाला की शहाणा होतो, मग माणूसच का तसाच राहतो, असा मिस्कील विचार त्यांना सुचला. ज्या मुलखात आज यंत्रांच्या घरघरीत हजारो लोकांचा दिवस जातो, तेथे या निरक्षर शेतकरणीची यंत्राकडे पाहण्याची ही दृष्टी मुद्दाम आठवावी अशी आहे.

परंतु येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. बहिणाबाईंचे आयुष्य सुखाने भरलेले होते म्हणून त्या गात होत्या, असे मुळीच नाही. वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. पदरात मुलगी काशी, मुलगे ओंकार आणि सोपान. सोपानदेवांचा जन्म 1907 चा. म्हणजे वडील गेले तेव्हा ते जेमतेम तीन वर्षांचे होते. त्या काळात प्लेगने गावेच्या गावे ओस पडत होती. त्याच प्लेगने ओंकारला कायमचे अपंगत्व दिले. या साऱ्याचे दुःख त्यांच्या गाण्यांत आहे. ते त्यांनी झाकले नाही. मात्र त्या दुःखापुढे त्या वाकल्याही नाहीत. भविष्य सांगावयास येणाऱ्या ज्योतिषाला त्यांनी आपल्या गाण्यात दारातूनच परत पाठवले. आपले दैव आपल्याला कळले आहे, ते दुसऱ्याने येऊन सांगण्याची गरज नाही, असा त्यांचा बाणा होता. तेव्हा लहान सुखे म्हणजे मोठ्या दुःखावरचा उतारा नव्हे. दुःख आपल्या जागी राहते; परंतु सुगरणीचा खोपाही आपल्या जागी राहतो, आणि तो पाहण्याचा हक्क दुःखाला हिरावू द्यावयाचा नाही, एवढेच त्यांच्या आयुष्यावरून म्हणता येते.

आता या चरित्रातील ज्या भागाकडे आपले लक्ष सहसा जात नाही, त्याकडे वळू. बहिणाबाई काही एकट्याच गात नव्हत्या. महाराष्ट्राच्या खेडोपाडी पहाटेच्या अंधारात लक्षावधी स्त्रिया जात्याच्या पाळीबरोबर ओव्या गात होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉतवॅं यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या ओव्या गावोगाव हिंडून गोळा केल्या, तेव्हा त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. न गोळा झालेल्या किती असतील, याची गणतीच नाही. मग बहिणाबाईंचेच नाव आपल्यापर्यंत का पोहोचले? त्यांची प्रतिभा असामान्य होती हे खरेच. परंतु प्रतिभेइतकेच दुसरे एक कारण आहे, आणि ते त्यांच्या घरात आहे. त्यांचे गाणे ऐकणारे कोणीतरी घरात होते.

असे सांगतात, की सोपानदेव शाळेत शिकत असताना त्यांनी पाठ्यपुस्तकातील सावित्री-सत्यवानाची कथा आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आईने त्या कथेवर गाणे रचलेले होते. मुलगा थक्क झाला आणि तेव्हापासून आईची गाणी वहीत उतरवून घेऊ लागला. आई कामात आणि मुलगा वही घेऊन जवळ बसलेला, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहावे. त्या मुलाने आईची लेवा गणबोली शुद्ध करण्याचा आव आणला नाही; ती जशी बोलली तशी उतरवली. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई निवर्तल्या, तोवर त्यांचे नाव जळगावच्या परिसराबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पुढे स्वतः नामांकित कवी झालेल्या सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांच्यापुढे ठेवली. अत्र्यांना त्यांचे मोल तत्काळ कळले आणि 1952 साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. 1961 सालच्या ‘मानिनी’ या चित्रपटातून ती गाणी, अक्षरओळख नसलेल्या घरांतही गेली. 2018 साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रीच्या नावाने आज तेथे पदव्या दिल्या जातात.

ही सारी कीर्ती त्यांना पाहता आली नाही, याची हळहळ वाटते. परंतु तिच्याहून मोठी गोष्ट त्यांना हयातीत लाभली होती, ती म्हणजे घरातला श्रोता. आपण जे पाहिले त्यात कोणाला तरी रस आहे, हे कळणे हेच सुखाचे निम्मे अंग आहे. ती वही नसती तर गाणी हवेत विरली असती. अशा विरलेल्या किती गाण्यांवर आपले संसार उभे आहेत, याचा विचार मनात आला की माणूस अस्वस्थ होतो.

जात्याची जागा पिठाच्या गिरणीने घेतली आणि ओव्या थांबल्या. याबद्दल गळा काढणारे पुष्कळ आहेत. पण त्यांपैकी कोणी पहाटे उठून दोन पायली दळण्याची तयारी दाखवीत नाही. गिरणी आली हे बरेच झाले. कष्टाचे गोडवे गाऊन कष्ट तसेच राहू देणे हा कष्टकऱ्यांशी केलेला दगा आहे, आणि बहिणाबाईंच्या नावाने तो कोणी करू नये. खरा प्रश्न असा आहे, की वाचलेला तो वेळ गेला कोठे? 2019 साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातले विनावेतन काम करणाऱ्यांत स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जातो, तर पुरुषांचा 97 मिनिटे, असे त्या पाहणीत आढळले. म्हणजे जवळजवळ पाच तास. घरी भाजलेली भाकरी राष्ट्रीय उत्पन्नात धरली जात नाही. तीच खानावळीतून विकत आणली तर धरली जाते. जे मोजले जात नाही ते वाटूनही घेतले जात नाही, हा आपला अनुभव आहे. गाणे गेले, जाते गेले. भार मात्र त्याच खांद्यावर राहिला.

म्हणून संसारातील लहान सुखांचा विषय हा एकट्या गृहिणीच्या स्वभावाचा विषय नव्हे. तिने आनंदी राहावे, असे सांगून घरातील इतरांना हात झटकता येणार नाहीत. सुख दिसणे हे तिच्या दृष्टीवर अवलंबून असेल. पण ते टिकणे घरातील माणसांवर अवलंबून आहे. त्यासाठी पैसा लागत नाही आणि फार वेळही लागत नाही. भाकरी थापली जात असताना जवळ पाट घेऊन बसावे, हातासरशी चार भांडी विसळावीत आणि दिवसभरात काय पाहिले ते विचारावे, एवढे शाळकरी मुलालाही जमण्यासारखे आहे. शंभर वर्षांपूर्वी जळगावातील एका मुलाला ते जमले होते.

चिंचोळीची पाळी सुटून घरी आलेल्या बाईने आज काय पाहिले असेल? यंत्रावर भरभर सरकणारा धागा पाहिला असेल, महामार्गाच्या कडेच्या बाभळीवर लोंबणारा एखादा खोपा बसच्या खिडकीतून पाहिला असेल, मैत्रिणीच्या डब्यातील शेंगांच्या चटणीवरून झालेली थट्टा अजून तिच्या ओठांवर असेल. सांगण्यासारखे तिच्यापाशी पुष्कळ आहे. तिला ते विचारणारे कोणी घरात आहे काय, एवढे ज्याने त्याने आपल्या घरापुरते पाहावे.