सही करण्याआधी
बाळंतकळा सुरू आहेत आणि कुणी परक्या भाषेतला कागद पुढे केला, तर वाचाल तुम्ही? १९७० च्या आसपास लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकोहून आलेल्या बायकांच्या अशाच सह्या घेऊन नसबंदी उरकली गेली. अशा जबरदस्तीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये उभ्या राहिल्या डॉ. हेलन रॉड्रिगेझ-ट्रियास (१९२९-२००१). बालपण पोर्तो रिकोत गेलेलं. न्यूयॉर्कच्या शाळेत तर चांगलं इंग्रजी येत असूनही त्यांना चक्क ‘मंद’ मुलांच्या वर्गात बसवलं होतं! पुढे ब्राँक्सच्या लिंकन हॉस्पिटलात बालरोग विभाग हाती आल्यावर त्यांनी डॉक्टरांनाच पेशंटच्या चालीरीती शिकायला लावल्या. नसबंदीच्या नियमांसाठी सरकारपुढे साक्षही दिली. १९७९ पासून तिथे सरकारी खर्चाच्या नसबंदीआधी बाईला सगळं तिच्या भाषेत सांगावं लागतं आणि सहीनंतर फेरविचाराला ३० दिवस द्यावे लागतात.